भट्टीवरील सूक्ष्मदर्शक

१८५६ सालच्या उन्हाळ्यांत फ्रान्समधील लील शहरचे कारखानदार हवालदिल झाले होते. बीटच्या रसापासून ते मद्यार्क काढीत. परंतु पिंपांतला रस नीट आंबेना, तो नासून जाई आणि माल वायां जाई. बिगो नांवाच्या एका कारखानदाराचा मुलगा तेथील विज्ञानशाखेंत शिकत होता. त्या ओळखीवर बिगोनें मुलाच्या अध्यापकाचें दार ठोठावलें. हा अध्यापक म्हणजे लुई पाश्चर.

पाश्चर १८५४ मध्यें त्या नव्या शाखेचा प्रमुख झाला होता. त्याचा व्यासंग स्फटिकांचा. बिगोस हवा होता तोडगा, आणि तो पाश्चरापाशीं तयार नव्हता. त्याच्यापाशीं होती ती पाहण्याची रीत. आलेल्या माणसास विन्मुख न लावितां तो जवळजवळ रोज भट्टीवर जाऊं लागला.

पिंपांतल्या रसाचे थेंब त्यानें सूक्ष्मदर्शकाखालीं धरिले. रस चांगला आंबत असे तेव्हां त्यांतील कण वाटोळे दिसत. बिघाड सुरू झाला कीं ते लांबट होत. आणि दह्यास आंबटपणा देणारें लॅक्टिक आम्ल तयार होऊं लागलें म्हणजे ते चांगलेच लांब दिसत. एवढ्या साध्या खुणेनें बिघाड वेळींच ओळखतां येऊं लागला व नुकसान टळलें.

परंतु या व्यवहारांत लाभ एकट्या बिगोचाच झाला असें नाहीं. आंबणें ही केवळ रासायनिक विघटनाची क्रिया, असें लीबिगसारखे मातबर रसायनशास्त्रज्ञ मानीत. पाश्चरानें १८५७ मध्यें लॅक्टिक किण्वनावर निबंध वाचला, आणि हें सजीव सूक्ष्म जंतूंचें कार्य आहे, या मताची प्रस्थापना तेथून सुरू झाली. पुढें द्राक्षमद्य ५० ते ६० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविल्यास तें टिकतें, हें त्यानें दाखविलें. रोगजंतूंच्या शोधाकडे तो वळला तोही याच वाटेनें.

१८७१ मध्यें लंडनच्या एका मोठ्या बिअर-कारखान्यांत त्यानें तेथील किण्व सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून त्यांतील दोष दाखविला. आठवड्याभरानें तो पुन्हा गेला, तों मालकांनीं स्वतःचा सूक्ष्मदर्शक विकत घेतलेला होता! विद्वानाकडून कारखानदारानें घ्यावयाचें तें हेंच. तोडगा एका अडचणीपुरता; पाहण्याची रीत मात्र जन्माची शिदोरी होते.

आज घरोघरीं येणाऱ्या दुधाच्या पिशवीवर पाश्चराचें नांव असतें. बिगोचें नांव कोठेंच नसतें. पण आपली अडचण घेऊन विद्यालयाची पायरी प्रथम चढला तो बिगोच.