वॉलाय मासा आणि मशालींचें सरोवर

मासेमारीचा इतिहास म्हणजे नौकांचा व जाळ्यांचा इतिहास, अशी समजूत रूढ आहे. उत्तर अमेरिकेंतील वॉलाय या गोड्या पाण्यांतील माशाचा इतिहास मात्र मुख्यतः किनाऱ्याच्या उथळ पाण्यांत घडला आहे. आणि त्या पाण्यावर हक्क कोणाचा, हाच त्यांतला खरा वादविषय आहे.

या माशाचें मर्म त्याच्या डोळ्यांत आहे. दृष्टिपटलामागें प्रकाश परतविणारा एक थर असल्यामुळें त्याला अंधुक उजेडांत उत्तम दिसतें. म्हणून दिवसा तो बहुधा खोल पाण्यांत राहतो व तिन्हीसांजेस लहान मासे टिपण्यासाठीं कांठाकडे येतो. वसंतांत बर्फ वितळून पाण्याची उष्णता सुमारें ५ ते १० अंश सेल्सिअस झाली, कीं रात्रीं खडकाळ उथळ जागीं त्याची मादी अंडीं घालते. तो घरटें करीत नाहीं, कीं अंडीं राखीत नाहीं; गोट्यांच्या फटींतून खेळणारें पाणीच त्यांना जगवितें.

एवढें ध्यानांत ठेविलें, म्हणजे नवशिक्यास नौकेवांचूनहि आरंभ करितां येतो. त्यानें भर दुपारीं गळ टाकून बसूं नये. सूर्यास्ताच्या सुमारास नदीचें मुख, पाण्यांत शिरलेलें खडकाचें टोंक, किंवा वारा ज्याच्यावर लाटा लोटीत आहे असा कांठ गांठावा. कारण लाटांनीं पाण्यांतला उजेड मंदावतो. शिसें बसविलेल्या गळास लहान मासा किंवा जळू लावून तो तळालगत सावकाश ओढावा. मात्र मासेमारीचा हंगाम व दिवसाला किती मासे धरावयाचे याची मर्यादा आधीं विचारून घ्यावी. ही मर्यादाच पुढें मोठ्या कलहाचें निमित्त झाली.

ओजिब्वे लोक या माशास ‘ओगा’ म्हणतात. भूर्जाच्या सालीच्या होडींत मशाल पेटवून, चमकणारा डोळा हेरून, ते भाल्यानें हा मासा मारीत. तें पाहून फ्रेंचांनीं विस्कॉन्सिनमधील एका सरोवरास ‘लाक द्यु फ्लाम्बो’, म्हणजे मशालीचें सरोवर, असें नांव दिलें. आपल्याकडे पावसाच्या आरंभीं वलगणीचे मासे धरण्यासाठीं लोक रात्रीं दिवट्या घेऊन निघतात. त्यांना ही रीत परकी वाटणार नाहीं.

१८३७ व १८४२ सालच्या तहांनीं ओजिब्वेंनीं अफाट मुलूख संयुक्त संस्थानांस दिला, परंतु त्या मुलखांत शिकार व मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेविला. १८५० सालीं अध्यक्षांनीं त्यांस हुसकावण्याचा हुकूम काढला. त्या हिवाळ्यांत सँडी लेक येथें व परतीच्या वाटेवर सुमारें ४०० माणसें दगावलीं. १९०८ सालीं विस्कॉन्सिनच्या वरिष्ठ न्यायालयानें ते हक्क संपुष्टांत आल्याचा निवाडा दिला. १९७४ सालीं दोघां ओजिब्वे बंधूंनीं राखीव मुलखाबाहेर बुद्ध्याच भाल्यानें मासेमारी करून स्वतःवर खटला ओढवून घेतला, आणि १९८३ सालीं संघराज्याच्या अपील न्यायालयानें हक्क कायम असल्याचें ठरविलें.

त्यानंतर दर वसंतांत नौका पाण्यांत सोडण्याच्या धक्क्यांवर जमाव लोटूं लागले. भालेकऱ्यांवर शिव्यांचा व दगडांचा वर्षाव झाला. मासे नष्ट होतील, ही तक्रार पुढें केली जात होती. गळवाल्यांची रोजची मर्यादा घटल्यानें ती अनेकांस पटलीहि. पण १९९१ सालीं संघराज्य, संस्थान व जमाती यांच्या संयुक्त पाहणींत भाल्याच्या मासेमारीनें वॉलायची हानि झाल्याचें आढळलें नाहीं. भाल्यानें मारलेला मासा धक्क्यावरच मोजला जातो, हेंहि येथें विसरतां येत नाहीं. १९९९ सालीं संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयानें मिनेसोटाच्या अशाच खटल्यांत पांच विरुद्ध चार मतांनीं १८३७ चा हक्क मान्य केला.

या साऱ्या वादांत एक मुद्दा पुनःपुनः झांकला गेला, असें आम्हांस वाटतें. ओजिब्वेंचा हक्क ही कोणीं दिलेली सवलत नव्हती. भूमि देतांना त्यांनीं जें दिलेंच नाहीं, तें त्यांचें राहिलें, इतकेंच. संध्याकाळीं गळ घेऊन त्या कांठीं बसणाऱ्यास तेथें बसतां येतें, तें त्याच तहांमुळें. तहाचा एक भाग आपलासा करून दुसरा नाकारण्याचा अधिकार त्याला कोठून येणार?