डागडुजी आणि जीर्णोद्धार : फोर्थ पुलाच्या रंगाचा इतिहास

स्कॉटलंडमध्ये फोर्थ नदीच्या खाडीवर बांधलेला पोलादी रेल्वेपूल ४ मार्च १८९० रोजी खुला झाला. इंग्रजी भाषेला या पुलाने एक वाक्प्रचार दिला. ‘फोर्थ पूल रंगविणे’ म्हणजे कधीही न संपणारे काम करणे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रंग देऊन होतो न होतो तोच पुन्हा पहिल्या टोकापासून आरंभ करावा लागतो, अशी त्यामागील लोकसमजूत. परंतु वाक्प्रचार हा इतिहासाचा विश्वासू साक्षी असतोच असे नाही. वस्तुतः वाऱ्यापावसाचा मारा जेथे अधिक, तेथेच रंगाचे हात प्राधान्याने दिले जात. म्हणजे ही डागडुजीच होती.

डागडुजी त्याज्य नव्हे. गंज तुरळक असेल आणि भोवतालचा जुना लेप धातूला घट्ट धरून असेल, तर तेवढाच भाग खरवडून रंगविणे शहाणपणाचे व काटकसरीचे ठरते. मात्र नवे पूट जुन्यावरच विसंबून असते. जुन्याची पकड सुटली, अथवा त्याखाली गंज पसरत गेला, की ठिगळाचा उपयोग राहत नाही. उलट, पुटांवर पुटे चढून जाड झालेला थर स्वतःच्या ताणानेच तडकू लागतो. परांचीचा खर्च तर लहान कामासही टळत नाही.

सॅन फ्रान्सिस्को येथील गोल्डन गेट पुलाच्या बाबतीत हे वळण लवकर आले. १९३७ साली खुल्या झालेल्या त्या पुलास प्रारंभी शेंदूर व जवसाचे तेल यांचा लेप होता. सुमारे सत्तावीस वर्षे डागडुजी पुरली. परंतु गंज वाढल्यामुळे १९६५ मध्ये मूळ लेप काढून जस्तयुक्त लेप देण्याचे काम हाती घेण्यात आले. ते १९९५ मध्ये संपले.

फोर्थ पुलावर हा निर्णय २००२ मध्ये अमलात येऊ लागला. शतकभराची पुटे कणांच्या माऱ्याने उडवून पोलाद उघडे करण्यात आले व त्यावर तीन थरांचा नवा लेप चढविण्यात आला. मधल्या थरात काचेचे सूक्ष्म पापुद्रे मिसळलेले होते. डिसेंबर २०११ मध्ये काम पूर्ण झाले, तेव्हा हा लेप किमान पंचवीस वर्षे टिकेल अशी अपेक्षा व्यक्त झाली.

अशा रीतीने ‘न संपणारे’ काम संपले. वाक्प्रचार मात्र उरला. तथापि जीर्णोद्धाराने डागडुजी कायमची संपत नाही, तिला पुन्हा भक्कम आधार मिळतो, एवढेच.