आश्रमशाळा

दुर्गम भागातील आदिवासी मुलांसाठी चालवली जाणारी निवासी शाळा. शिक्षणाबरोबर राहणे, जेवण, पुस्तके विनामूल्य असतात. समाजसेवक ठक्कर बाप्पांनी १९२२ मध्ये दाहोद येथे स्थापन केलेल्या भील सेवा मंडळाच्या कार्यातून ही कल्पना रुजली. महाराष्ट्रात शासकीय आणि स्वयंसेवी संस्थांच्या अनुदानित आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या अखत्यारीत येतात.

विखुरलेले पाडे, पावसाळ्यात बंद होणाऱ्या वाटा आणि पालकांचे हंगामी स्थलांतर यांमुळे अनेक मुलांना शिक्षणाचा दुसरा मार्गच नसतो. हेमलकसा (ता. भामरागड, जि. गडचिरोली) येथील लोकबिरादरी प्रकल्पाने १९७६ मध्ये माडिया आदिवासी मुलांसाठी अशी शाळा काढली. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी उभा केला. पण घरी माडिया बोली बोलणाऱ्या मुलाला पहिलीचे मराठी पुस्तक परकेच वाटते. गळतीचे हे मोठे कारण आजही पुरेसे गांभीर्याने घेतले जात नाही. त्यात सहा-सात वर्षांच्या वयात आईवडिलांपासून दुरावण्याची भर पडते. सर्पदंश, ताप आणि उशिरा मिळणारे उपचार यांमुळे वसतिगृहांत मुले दगावली आहेत. मुलांची बोली जाणणारा शिक्षक आणि निवासी परिचारिका ही पक्क्या इमारतीइतकीच प्राथमिक गरज आहे.