बोरूच्या टोकाशी : समर्थांच्या सावधपणाविषयी

दासबोधाच्या अकराव्या दशकातला पाचवा समास 'राजकारणनिरूपण' या नावाने ओळखला जातो. त्याच्या सुरुवातीलाच समर्थांनी महंताच्या कर्तव्यांची एक क्रमवारी दिली आहे. हरिकथा पहिली, राजकारण दुसरे, सर्व विषयांतले सावधपण तिसरे आणि साक्षेप, म्हणजे नेटाचा उद्योग, चौथा. गेल्या शतकातील मराठी अभ्यासकांनी या चारांपैकी दुसऱ्यावर इतकी शाई खर्च केली की तिसऱ्याकडे पाहायला कोणाला फुरसत उरली नाही. शिवाजी महाराज आणि समर्थ यांची भेट केव्हा झाली, 'राजकारण' या शब्दाचा अर्थ कोणता घ्यायचा, गुरुपद कोणाचे, या वादांत दोन्ही बाजूंनी ग्रंथच्या ग्रंथ उभे राहिले. तो वाद इथे पुन्हा मांडायचा नाही. ज्या शब्दावर कोणीच भांडले नाही, त्याविषयी लिहायचे आहे.

'सावध' हा शब्द रामदासी परंपरेत चरित्राच्या अगदी आरंभीच येतो. बोहल्यावर भटजींनी 'सावधान' म्हणताच बारा वर्षांचा नारायण मंडपातून निघून गेला, ही कथा शाळेपासून सर्वांना पाठ असते. हनुमंतस्वामींची बखर समर्थांच्या निर्वाणानंतर शतकाहून अधिक काळाने लिहिली गेली. तेव्हा तिच्यातल्या अशा प्रसंगांना इतिहासाचा पुरावा मानता येणार नाही. तरीही परंपरेने आपल्या संस्थापकाच्या आयुष्याची किल्ली म्हणून नेमका हाच शब्द निवडावा, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. लग्नात तो शब्द आपण सगळेच ऐकतो आणि अक्षता टाकून पंगतीच्या विचाराला लागतो. रोज कानावरून जाणारा एक शब्द कोणीतरी खरोखर ऐकला, एवढाच त्या कथेचा ऐवज आहे.

मात्र या कथेमुळे सावधपण म्हणजे संसारातून पळ काढणे अशी समजूत झाली. प्रत्यक्ष ग्रंथ वाचला तर चित्र उलट दिसते. वीस दशके, दोनशे समास आणि साडेसात हजारांहून अधिक ओव्या असलेल्या या ग्रंथात ब्रह्मनिरूपणाच्या शेजारी अत्यंत घरगुती सूचना आहेत. अकराव्या दशकाच्या तिसऱ्या समासात दिनक्रम सांगितला आहे : पहाटे उठावे, पाठांतर आठवावे, शौचाला दूर जावे, आणि परत येताना काही ना काही घेऊन यावे, रिकाम्या हाताने येणे वाईट. विद्यार्थ्यांना ही सूचना वाचून हसू येते, पण ती नीट पाहण्याजोगी आहे. येताना काहीतरी आणायचे तर वाटेकडे लक्ष द्यावे लागते, काय उपयोगाचे आहे ते दिसावे लागते. जो वेळ कोणत्याच हिशेबात धरला जात नाही, तोही समर्थांनी सोडलेला नाही.

याचा कळस एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्या समासात, 'लेखनक्रियानिरूपणा'त आहे. अध्यात्मग्रंथात हस्ताक्षरावर अख्खा समास खर्च होतो, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की त्याचे नवल वाटत नाही. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे असावे. शाई पुरेशी काळी असावी. ओळीला ओळ लागू नये, वरच्या ओळीचे लांब अक्षर खालच्या ओळीला शिवू नये. पान आधी शिशाने आखून घ्यावे. पहिले अक्षर जसे काढले तसेच शेवटचे असावे. सगळा ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा वाटला पाहिजे. भोवती समास सोडावा, म्हणजे कागद कडेने झडला तरी अक्षराला धक्का लागणार नाही. तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण ते म्हातारपणी वाचता येणार नाही. पुढे साधनांची यादी येते : घट्ट कागद, खळ, घोटण्याची साधने, सुऱ्या, कातऱ्या, देशोदेशीचे बोरू, हिंगूळ, शाईचा साठा, बासने, मेणकापडे, पेट्या, कुलुपे. आणि असा ग्रंथ पाहून लोकांना हेवा वाटावा, ज्याने हे लिहिले त्या पुरुषाला एकदा पाहावे असे वाटावे, अशी अपेक्षा.

पहिल्या आणि शेवटच्या अक्षरात फरक नको, या अटीकडे लेखनाच्या सौंदर्याची अट म्हणून पाहिले जाते. आम्हाला ती मनाची अट वाटते. हजारो ओव्या उतरवताना हात दुखतो, दिवस मावळतो, पोटात भूक असते, शेवट जवळ आला की घाई सुटते. मन जिथे उठून गेले, तिथे अक्षर बदलते आणि ते पुढे शतकानुशतके कागदावर दिसत राहते. ध्यानाला बसलेल्या माणसाचे चित्त कुठे भटकते याचा दाखला दुसऱ्याला मिळत नाही, नकलनविसाचा मिळतो. चित्ताच्या स्थैर्याची इतकी उघडी परीक्षा आमच्या वाचनात दुसरी नाही.

यामागे निकडही होती. समर्थ 1644च्या सुमारास कृष्णाकाठी आले आणि 1648 साली चाफळला राममंदिर उभे राहिले. शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव, शिंगणवाडी, आजच्या सांगली जिल्ह्यातले बहे-बोरगाव व शिराळे, आणि कोल्हापूरकडचे मनपाडळे व पारगाव अशी मारुतीची ठाणी चाफळच्या दोन मारुतींसह पुढच्या काही वर्षांत झाली. मठ गावोगाव पसरले. छापखाना नसलेल्या काळात या मठांना जोडणारा धागा म्हणजे हाताने केलेली नक्कल. चाफळचा शब्द मिरजेला पोहोचायचा तो कोणाच्या तरी बोटांतून. मिरजेत वेणाबाईंचा मठ होता. बालविधवा असलेली ही स्त्री उभी राहून कीर्तन करी आणि 'सीतास्वयंवर'सारखी रचना करी. नकलेत एक मात्रा चुकली तर पुढच्या प्रत्येक प्रतीत ती चूक कायम होणार. हस्ताक्षराच्या समासातली ही काटेकोर सक्ती त्या भीतीतून आलेली आहे.

कल्याणस्वामींचे उदाहरण या संदर्भात पाहण्याजोगे आहे. परंपरेने त्यांची सगळी थोरवी आंब्याच्या झाडावरून विहिरीत पडण्याच्या गोष्टीत साठवून ठेवली. त्यांचे आयुष्य मात्र बव्हंशी लिहिण्यात गेले. समर्थ सांगत आणि कल्याण उतरवीत. पुढे परांड्याजवळच्या डोमगावी त्यांच्या मठात जपलेल्या दासबोधाच्या प्रतीवरून धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी 1905 साली ग्रंथाची छापील आवृत्ती सिद्ध केली. आज आपण दासबोध म्हणून जो वाचतो, तो त्या हाताच्या स्थैर्यावर उभा आहे. समर्थांच्या हस्ताक्षरातले म्हणून जपलेले वाल्मीकिरामायणही धुळ्याच्या वाग्देवता मंदिरात आहे. टाकळीच्या तपश्चर्येच्या काळात ते लिहिले असे मानतात. ते मान्य केले तर पुरश्चरण आणि नक्कल ही दोन्ही कामे एकाच काळात, एकाच हाताने झाली असे म्हणावे लागते.

स्फुट प्रकरणांत 'बाग प्रकरण' आहे. बागेत काय लावावे असा विषय सहज निघाला म्हणून काही नावे घेतली, अशी त्याची सुरुवात. आणि मग झाडाझुडपांची एक लांबलचक यादी. उपमा नाही, रूपक नाही, 'जीवनवृक्ष' तर नाहीच. काव्य म्हणून ती कोणी वाचायला घेत नाही, आणि अभ्यासक्रमात ती लागण्याची शक्यताही नाही. पण काटेरी झुडपांची नावे एकामागून एक घेणाऱ्या माणसाने ती झुडपे कधीतरी थांबून पाहिलेली असणार. 'कारखाने प्रकरणा'त हीच नजर बांधकामाकडे वळते. माजगावचा मारुती कसा झाला, त्याची हकीकतही याच जातीची आहे. गावाच्या शिवेवर घोड्याच्या आकाराचा एक धोंडा होता, लोक त्याला मानत, समर्थांनी त्याच धोंड्यावर मारुती घडवला. नवी शिळा आणवली नाही.

बेसावधपणाचेही त्यांनी तितकेच बारीक निरीक्षण केले आहे. अठराव्या दशकाच्या अखेरच्या समासात कथेला बसलेल्या श्रोत्यांचे वर्णन येते. कोणी जेवून जड झालेला, कोणी जांभया देणारा, कोणाचे लक्ष बायकांकडे, आणि चोरटे बाहेर पादत्राणे लांबवत आहेत. दुपारच्या तासिकेला वर्गात उभे राहणाऱ्या कोणाही शिक्षकाला हा समास परका वाटणार नाही. समर्थ इथे श्रोत्यांवर चिडले आहेत, पण त्याआधी त्यांनी त्यांना पाहिले आहे.

वारकरी परंपरेशी तुलना केली की या सावधपणाचे वेगळेपण कळते. जनाबाईचे जाते, सावता माळ्याचा मळा, गोरोबांचे चाक ही रोजच्या कामाला परमार्थात जागा देणारी थोर प्रतीके आहेत. तिथे हात कामात आणि चित्त विठ्ठलाकडे असते. काम चालू राहते, पण ध्यान दुसरीकडे. गोरोबांच्या कथेत हे टोकाला जाते. भजनात तल्लीन झालेल्या कुंभाराच्या पायाखाली मातीबरोबर स्वतःचे मूल तुडवले जाते, आणि देवाला येऊन ते उठवावे लागते. समर्थांना हे तल्लीनपण मानवले नसते, असे आम्हाला वाटते. त्यांच्या दृष्टीने हात जिथे आहे, तिथेच चित्त हवे. वारकरी यावर म्हणेल की मग त्यात प्रेम कुठे राहिले? हा आक्षेप फेटाळण्यासारखा नाही. दासबोधाची शिस्त अनेकदा कोरडी वाटते ती याचमुळे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लेखनक्रियेचा समास ब्राह्मणाला उद्देशून सुरू होतो. अक्षर ज्यांच्या हाती होते, त्यांच्याच दिवसाला या शिस्तीचा मान मिळाला. कागद घोटण्यात साधना आहे, तशी भाकरी थापण्यात का नाही, हा प्रश्न दासबोधात उपस्थित होत नाही. खुद्द परंपरेचा संसार मात्र स्त्रियांनी सांभाळला होता. 1700 साली मोगलांनी सज्जनगड घेतला त्या धामधुमीच्या काळात चाफळ व गडाचा कारभार पाहणाऱ्या अक्काबाईंचे सावधपण कोणत्याही महंतापेक्षा कमी नव्हते. त्यावर समास मात्र नाही.

या विचाराचा पुढचा प्रवास सांगली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला दिसतो. जत तालुक्यातील उमदीचे भाऊसाहेब महाराज (1843–1914) यांच्या इंचगेरी संप्रदायात दासबोधाचे वाचन नित्यनेमात आहे. गुरुदेव रा. द. रानडे त्यांचेच शिष्य. 1933च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्रातील संतांचा विचार करताना त्यांनी समर्थांना कर्मप्रवण गूढवादाचे प्रतिनिधी ठरवले. याच संप्रदायाच्या दुसऱ्या शाखेत मुंबईच्या खेतवाडीत विड्यांचे दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज झाले. त्यांच्या संभाषणांचे इंग्रजी पुस्तक 1973 साली आले आणि जगभर वाचले गेले. 'या क्षणात राहा' असे सांगणाऱ्या पुस्तकांच्या आजच्या बाजारात तेही हमखास सापडते.

या बाजाराला मराठीत 'सजगता' हा शब्द मिळाला आहे. बौद्ध परंपरेतील 'सती' या साधनेपासून तो विचार निघाला. 1976पासून इगतपुरीच्या केंद्रात ती विपश्यनेच्या रूपाने शिकवली जाते, आणि 1979 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात तिला ताणतणावावरच्या उपचाराचे रूप मिळाले. समर्थांचे सावधपण म्हणजे हेच, असे म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. त्या उपचारपद्धतीत जे समोर येईल ते बरे-वाईट न ठरवता पाहायचे असते. समर्थांना बरे-वाईट ठरवल्याशिवाय चैन पडत नाही. सारासार निवडणे हाच त्यांचा विवेक, आणि मूर्खांची लक्षणे मोजायला ते दुसऱ्याच दशकात बसतात. शिवाय त्यांच्या सावधपणाचा हेतू स्वतःची शांती हा नाही. समास सोडायचा तो दोनशे वर्षांनी पान हाती घेणाऱ्या अनोळखी माणसासाठी. आणि मध्यम अक्षर काढायचे ते ज्याला उद्या कमी दिसणार आहे, अशा म्हाताऱ्यासाठी.