उत्तर बरोबर, पण वेळेवर का?

परीक्षेची वेळ संपल्यावर एखाद्या मुलाला गणिताचे अचूक उत्तर सुचले, तर त्याला गुण मिळत नाहीत. यंत्र चालवणाऱ्या संगणकाची परीक्षा अशीच कडक असते. पगारपत्रक करणारा संगणक दोन सेकंद थांबला तर बिघडत नाही. पण मिलिंग यंत्राचे हत्यार धातू कापत असताना तो क्षणभर गप्प बसला, तरी काम फुकट जाते. ठरलेल्या मुदतीच्या आत उत्तर देण्याची हमी, यालाच रिअल-टाइम नियंत्रण म्हणतात. येथे वेगापेक्षा वक्तशीरपणा महत्त्वाचा. आज तळहातावर मावणाऱ्या, एकाच पाटीवर बसवलेल्या संगणकाकडून हे काम करून घेता येते. तेथपर्यंतचा प्रवास समजून घेण्यासारखा आहे.

१९५२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आकड्यांच्या आज्ञेवर चालणारे मिलिंग यंत्र दाखवण्यात आले. कागदी फितीवरील छिद्रे वाचून ते हत्यार सरकवत असे. त्याच्या नियंत्रकात शेकडो निर्वात नळ्या होत्या. पण तो नियंत्रक एकच काम करी. एका संगणकाला अनेक कामे सांगितली, की कोणते आधी, हा प्रश्न उभा राहतो.

त्याचे उत्तर २० जुलै १९६९ रोजी चंद्राजवळ कसाला लागले. अपोलो-११ चे यान उतरत असताना त्यातील संगणकाने कामाचा बोजा वाढल्याचे इशारे दिले. त्या वेळी गरज नसलेल्या एका रडारचे संकेत त्याचा वेळ खात होते. परंतु प्रत्येक कामाला आधीच प्राधान्यक्रम दिलेला होता. संगणकाने कमी महत्त्वाची कामे सोडून दिली, उतरण्याचे गणित चालू ठेवले आणि यान सुखरूप उतरले. योगायोग असा, की त्याच वर्षी मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रात भारतीय बनावटीचा टीडीसी-१२ हा संगणक सुरू झाला. पुढे हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कंपनीने त्या मालिकेतील संगणक तयार केले.

१९७१ मध्ये इंटेलची ४००४ ही चिप आली आणि संगणकाचा गणन करणारा भाग एका तुकड्यावर मावू लागला. आता संगणक यंत्राच्या शेजारीच ठेवता येणार होता. याचे ठळक उदाहरण आपल्या पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळ खोडद येथे आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या तेथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. पृथ्वी ताशी १५ अंश फिरते, म्हणून आकाशातील स्रोतावर नजर ठेवायची तर तबकडीला सतत वळावे लागते. १४२० मेगाहर्ट्झला तबकडीचे दृष्टिक्षेत्र जेमतेम २४ कला, म्हणजे अंशाच्या निम्म्याहूनही कमी. तबकडी स्थिर राहिली, तर खगोलीय विषुववृत्तावरील स्रोत हे अंतर सुमारे दीड मिनिटात ओलांडतो.

ही गती तशी संथ आहे. मग घाई कशाची? एक प्रयोग करून पाहा. तळहातावर काठी उभी तोला. डोळे उघडे असतील तर थोड्या सरावाने जमते. आता दर सेकंदाला फक्त क्षणभर डोळे उघडा. काठी पडते, कारण तिच्या कलण्याची बातमी उशिरा पोहोचते आणि हात चुकीच्या वेळी हलतो. अजस्र तबकडी आणि वारा यांचे नाते असेच आहे. कोन मोजणे, चूक काढणे आणि मोटारीला आज्ञा देणे हे चक्र ठेक्यात चालले नाही, तर तबकडी हेलकावू लागते. म्हणून खोडदला कामाची वाटणी केलेली आहे. मध्यवर्ती संगणक ‘कोठे पाहायचे’ ते सांगतो. ‘कसे वळायचे’ हे प्रत्येक तबकडीच्या पायथ्याचा संगणक पाहतो. या कामी सुरुवातीला इंटेल ८०८६ चिपचे संगणक होते. नंतर पीसी-१०४ जातीचे एकपाटी संगणक आले.

दरम्यान १९९१ मध्ये लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली जन्मली. ती मुळात रिअल-टाइम नव्हती. फाइल लिहिण्यात गुंतली की मोटार खुशाल थांबून राही. हा दोष काढण्याचे प्रयत्न १९९० च्या दशकापासून झाले आणि २०२४ मध्ये रिअल-टाइम सोय मूळ लिनक्समध्ये सामावली गेली. २०१२ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय या स्वस्त संगणकामुळे यंत्रनियंत्रण शाळेच्या आवाक्यात आले.

एक हिशेब मुलांकडून करून घ्यावा. पायरी-मोटार एका फेऱ्यात २०० पायऱ्या घेते. प्रत्येक पायरीचे ८ भाग केले, तर फेऱ्याला १६०० स्पंद लागतात. फेऱ्यामागे ५ मिलिमीटर सरकणाऱ्या स्क्रूवर सेकंदाला १० मिलिमीटर वेग हवा असेल, तर सेकंदाला ३२०० स्पंद द्यावे लागतात. म्हणजे दर ३१२.५ मायक्रोसेकंदाला एक. संगणक केवळ ५ मिलिसेकंद रेंगाळला, तर १६ स्पंदांची जागा रिकामी जाते. मोटार एकदम अडखळते, पुन्हा पूर्ण वेग पकडताना घसरते, आणि पुढचे सगळे माप चुकते. यंत्राला मात्र त्याचा पत्ताही नसतो.

म्हणून लिनक्स-सीएनसीसारखी प्रणाली बसवताना प्रथम विलंबाची चाचणी घेतात. संगणकाला मुद्दाम इतर कामांना जुंपून, सरासरी नव्हे, तर सर्वांत मोठा विलंब किती तो पाहतात. एस. टी. सरासरीने वेळेवर येते, हे परीक्षेच्या दिवशी चुकलेल्या मुलाच्या काय उपयोगाचे? विलंब फार निघाला, तर खोडदचाच धडा गिरवायचा: मार्ग ठरवणे संगणकाकडे, स्पंद देणे वेगळ्या छोट्या चिपकडे. आणि यंत्र तातडीने थांबवण्याचे बटण सॉफ्टवेअरवर न सोपवता थेट मोटारीच्या वीजपुरवठ्याशी जोडायचे.

वर्धा जिल्ह्यातील वडनेरसारख्या गावातही हा प्रयोग करता येईल. पेन धरून रेघ ओढणारे दोन मोटारींचे साधे यंत्र पुरे. आधी नुसते चौकोन काढायला लावावेत, मग त्याच वेळी संगणकावर दुसरे जड काम सुरू करावे. चौकोन जुळला नाही, तर चूक किती मिलिमीटरची हे मुलांनी पट्टीने मोजावे आणि त्यावरून किती स्पंद हुकले ते काढावे. वेळेची चूक त्यांना कागदावर दिसेल.