"बीट एल. ए.!" : दुश्मनाची वाट पाहणाऱ्या गावाची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना माझ्या तोंडात येणारे "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" तेवढे गाळलेत. बाकी गप्पा तशाच.

तर चला, १९८२ सालात जाऊ. तारीख २३ मे. अमेरिकेतलं बॉस्टन शहर. बॉस्टन गार्डन नावाचं जुनं, कोंदट स्टेडियम खचाखच भरलंय. बॉस्टन सेल्टिक्स विरुद्ध फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्स. सात सामन्यांच्या सिरीजमधला सातवा सामना. जो जिंकेल तो एनबीएच्या फायनलमध्ये जाणार, हरेल तो घरी.

आदल्या वर्षी याच फिलाडेल्फियाविरुद्ध सेल्टिक्स १-३ असे मागे होते आणि तिथून सिरीज जिंकले होते. या वर्षीही १-३ वरून ३-३ करून दाखवलं होतं. म्हणजे पब्लिकला खात्रीच होती की आज आपलं काम झालं. पण अँड्र्यू टोनी नावाच्या पोराने ३४ पॉइंट मारले, ज्यूलियस अर्व्हिंगने २९, आणि सेल्टिक्स स्वतःच्या घरात १०६-१२० हरले.

आता विचार करा. घरच्या मैदानावर तुमची टीम हरतेय, शेवटची काही मिनिटं उरलीत. तुम्ही काय कराल? शिव्या घालाल, नाहीतर पार्किंगमधून गाडी लवकर निघावी म्हणून उठाल. बॉस्टनचं पब्लिक उठलं नाही. त्यांनी समोरच्या टीमला, ज्यांनी आत्ता त्यांचं नाक कापलं होतं त्या फिलाडेल्फियाला, उद्देशून एक घोषणा सुरू केली. "बीट एल. ए.! बीट एल. ए.!" लॉस एंजेलिसला हरवा. आम्ही तर गेलो, आता तुम्ही तरी लेकर्सना धुवा.

तिसऱ्याच टीमवरचा एवढा राग येतो कुठून? आजचा भाग त्यावर आहे.

हा प्रश्न मला पडला तो बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला. हॉस्टेलवर शेजारच्या खोलीत नागपूरचा एक सीनियर होता. शाळेपासून बास्केटबॉल खेळलेला, सेल्टिक्सचा कट्टर फॅन. त्याने मला एक हार्ड डिस्क दिली. त्यात १९८४ची लेकर्स-सेल्टिक्स फायनल, सातच्या सात सामने. मी सबमिशन बाजूला ठेवून दोन रात्रींत सगळी संपवली आणि त्याला म्हणालो, "भाऊ, भारी आहे. पण लोक हिला एवढं डोक्यावर का घेतात ते नाही कळलं."

तो हसला. म्हणाला, "तू सामने पाहिले रे. वाट कुठं पाहिली?"

मला ते तेव्हा डायलॉगबाजी वाटलं. नंतर वाचत गेलो तसं कळलं, गडी बरोबर बोलत होता.

आधी जुना हिशोब

लेकर्स आणि सेल्टिक्स पहिल्यांदा फायनलमध्ये भेटले १९५९ला. तेव्हा लेकर्स मिनियापोलिसमध्ये होते, लॉस एंजेलिसला ते १९६०मध्ये गेले. १९५९ ते १९६९ या काळात दोघं सात वेळा फायनलमध्ये समोरासमोर आले. निकाल? सेल्टिक्स सात, लेकर्स शून्य.

त्यातली १९६९ची सगळ्यात जिव्हारी लागणारी. सातवा सामना लॉस एंजेलिसच्या फोरममध्ये होता. लेकर्सचे मालक जॅक केंट कुक यांनी आधीच हजारो फुगे छताला जाळीत बांधून ठेवले होते. जिंकलो की फुगे खाली सोडायचे, बँड वाजवायचा, असा मिनिटामिनिटाचा कार्यक्रम कागदावर छापलेला होता. तो कागद सेल्टिक्सच्या बिल रसेलच्या हाती लागला. बास! आणखी कुठल्या भाषणाची गरजच उरली नाही. सेल्टिक्स १०८-१०६ जिंकले आणि फुगे वरच लटकत राहिले. लेकर्सच्या जेरी वेस्टने त्या सामन्यात ४२ पॉइंट केले. फायनलचा सर्वोत्तम खेळाडू त्यालाच निवडलं. हरलेल्या टीममधल्या खेळाडूला तो मान मिळाल्याची एनबीएच्या इतिहासातली ती एकमेव वेळ. त्याला त्या बक्षिसाचं काय सुख झालं असेल, तुम्हीच सांगा.

म्हणजे लॉस एंजेलिसच्या फॅनसाठी ही उधारी होती. वसूल कधी होणार, एवढाच प्रश्न.

मग आले ते दोघं

२६ मार्च १९७९. कॉलेज बास्केटबॉलची फायनल. एकीकडे मिशिगन स्टेटचा अर्विन जॉनसन, ज्याला सगळे मॅजिक म्हणायचे. दुसरीकडे इंडियाना स्टेटचा लॅरी बर्ड. मॅजिकची टीम ७५-६४ जिंकली. हा सामना अमेरिकेत इतक्या घरांत पाहिला गेला की कॉलेज बास्केटबॉलमध्ये तो टीव्ही रेटिंगचा विक्रम पुढची अनेक वर्षं कुणाला मोडता आला नाही.

त्याच वर्षी दोघं एनबीएत आले. मॅजिक गेला लेकर्सकडे, बर्ड सेल्टिक्सकडे. ही जोडी कुणी कथा लिहून ठरवली असती तर आपण म्हणालो असतो, जरा जास्तच फिल्मी झालं.

पण इथे एक गोची आहे. एनबीएत दोन भाग असतात, पूर्व आणि पश्चिम. बॉस्टन पूर्वेत, लॉस एंजेलिस पश्चिमेत. त्या काळात अशा दोन टीम अख्ख्या सीझनमध्ये फक्त दोनदा भेटायच्या. तिसरी भेट हवी असेल तर दोघांनी आपापला भाग जिंकून फायनल गाठायची, दुसरा रस्ताच नाही. बर्ड रोज सकाळी पेपरात मॅजिकचे आकडे बघायचा. सीझनचं वेळापत्रक आलं की मॅजिक आधी सेल्टिक्सच्या तारखा शोधायचा. खेळाडूंची ही गत, तर फॅनची काय असेल?

आणि मग सुरू झाली चुकामूक.

१९८०. लेकर्स फायनलला पोचले, सेल्टिक्स एक पायरी आधी फिलाडेल्फियाकडून हरले. २० वर्षांच्या मॅजिकने जखमी करीम अब्दुल-जब्बारच्या जागी सेंटरला उभं राहून ४२ पॉइंट केले आणि कप जिंकून दिला. गंमत बघा, हा सामना अमेरिकेत बहुतेक ठिकाणी लाइव्ह दाखवलाच नाही. रात्री साडेअकराला रेकॉर्डिंग लावलं. फायनलचं!

१९८१. सेल्टिक्स चॅम्पियन. पण लेकर्स पहिल्याच फेरीत ह्यूस्टनकडून गारद.

१९८२. लेकर्स फायनलला पोचलेले, समोर कोण येतंय याची वाट बघतायत. आणि बॉस्टनमध्ये तो सातवा सामना, जिथून आपण सुरुवात केली.

आता ती घोषणा पुन्हा ऐका. गार्डनमधल्या लोकांनी त्या दिवशी एक सामना हरला नव्हता फक्त. ज्याची तीन वर्षं वाट पाहिली ती भेट परत हुकली होती. मनात लेकर्ससाठी साठवलेलं सगळं तसंच राहिलं होतं. मग ते जाणार कुठे? त्यांनी ते फिलाडेल्फियाच्या हवाली केलं. आमच्या वतीने तुम्ही करा. फिलाडेल्फियाला काही ते जमलं नाही, लेकर्स ४-२ जिंकले. घोषणा मात्र उरली. आजही लेकर्स कुठेही खेळायला गेले की स्टेडियममध्ये तीच ऐकू येते. ती कुणाच्या विजयात जन्मली नाही, घरच्या हरण्यात जन्मली.

१९८३. मिलवॉकीने सेल्टिक्सना ४-० घरी पाठवलं. फायनलमध्ये फिलाडेल्फियाने लेकर्सनाही ४-०. पुन्हा हुकलं.

वाट पाहण्यात आणखी काय मिसळलं होतं

इथे थोडं थांबू. कारण हा भाग गाळून ही गोष्ट सांगितली तर ती खोटी होईल.

बर्ड गोरा, मॅजिक कृष्णवर्णीय. १९७४मध्ये कोर्टाने बॉस्टनच्या शाळांमधला वर्णभेद मोडण्यासाठी मुलांना बसने वेगवेगळ्या वस्त्यांमधल्या शाळांत पाठवायचा आदेश दिला, तेव्हा त्या शहरात कृष्णवर्णीय मुलांच्या बसवर दगड पडले होते. ज्या बिल रसेलने बॉस्टनला १३ सीझनमध्ये ११ कप जिंकून दिले, त्याच्या शहराबाहेरच्या घरात लोकांनी घुसून नासधूस केली होती. आणि गंमत, म्हणजे खरं तर गंमत नाहीच, एनबीएत कृष्णवर्णीय खेळाडू ड्राफ्टमध्ये पहिल्यांदा निवडणारी टीम सेल्टिक्सच. एनबीएचा पहिला कृष्णवर्णीय कोच नेमणारीही तीच. तो कोच रसेलच होता.

पण ऐंशीच्या दशकात बर्डमुळे सेल्टिक्स "गोऱ्यांची टीम" आणि लेकर्स "कृष्णवर्णीयांची टीम" असा शिक्का बसला. बॉस्टनमधल्या कितीतरी कृष्णवर्णीय फॅननी लेकर्सची बाजू धरली. स्वतःच्या शहराच्या टीमविरुद्ध! सेल्टिक्समध्ये रॉबर्ट पॅरिश, डेनिस जॉनसन, सेड्रिक मॅक्सवेल हे कृष्णवर्णीय खेळाडू जीव तोडून खेळत होते, त्यांना हे बघून काय वाटत असेल? म्हणजे लोक ज्याची वाट पाहत होते तो सगळ्यांसाठी एकच सामना नव्हता. कुणासाठी जुनी उधारी, कुणासाठी शेजाऱ्याशी न बोललेलं भांडण.

आणि ते दोघं? बर्ड फ्रेंच लिक नावाच्या खेड्यातल्या गरीब घरातला. मॅजिकचे वडील मोटारींच्या कारखान्यात कामगार. घरची परिस्थिती बघितली तर दोघांत फार फरक नव्हता.

अखेर १९८४

अखेर झालं एकदाचं. लेकर्स विरुद्ध सेल्टिक्स, पंधरा वर्षांनी फायनलमध्ये.

पहिला सामना लेकर्सनी बॉस्टनमध्ये जिंकला. दुसऱ्यातही शेवटच्या काही सेकंदांत दोन पॉइंटनी पुढे होते. तेवढ्यात जेम्स वर्दीचा पास जेराल्ड हेंडरसनने मधल्यामध्ये उचलला आणि बरोबरी केली. ओव्हरटाइममध्ये सेल्टिक्स १२४-१२१. तिसऱ्यात लेकर्सनी १३७-१०४ असा चेंदामेंदा केला. चौथ्यात केविन मॅकहेलने धावत येणाऱ्या कर्ट रॅम्बिसला गळ्यात हात घालून आडवा पाडला आणि पुढची सिरीज मारामारीसारखी झाली.

पाचवा सामना बॉस्टन गार्डनमध्ये, एसी नाही, आत ३६ डिग्री. नागपूरकर हसतील, ३६ म्हणजे आमच्याकडे मेमध्ये गारवा. पण बंद हॉलमध्ये हजारो माणसं आणि त्यात पळायचं! ३७ वर्षांचा करीम बाकावर बसून ऑक्सिजन घेत होता. बर्डने मात्र ३४ पॉइंट मारले. सातवा सामना १२ जूनला. सेल्टिक्स १११-१०२. लेकर्सविरुद्ध फायनलमध्ये आठवा विजय, आठपैकी आठ! मोक्याच्या क्षणी चुकलेल्या मॅजिकला पेपरवाल्यांनी "ट्रॅजिक जॉनसन" करून टाकलं.

उधारी फिटली ती पुढच्या वर्षी. १९८५ची फायनलही याच दोघांत. पहिला सामना लेकर्स ३४ पॉइंटनी हरले. आणि तरीही ९ जूनला, सहाव्या सामन्यात, त्याच बॉस्टन गार्डनमध्ये १११-१०० जिंकून कप घेऊन गेले. पहिल्या पराभवानंतर २६ वर्षांनी.

त्याच उन्हाळ्यात बुटांच्या एका जाहिरातीच्या शूटिंगसाठी मॅजिक फ्रेंच लिकला, बर्डच्या घरी गेला. दुपारी बर्डच्या आईने दोघांना जेवायला बसवलं. एकमेकांशी कधी धड न बोललेले ते दोघं त्या जेवणावर मित्र झाले. सहा वर्षांनी, १९९१मध्ये, आपल्याला एचआयव्ही आहे हे मॅजिकने जगाला सांगितलं. त्याआधी ज्या मोजक्या लोकांना ते कळलं, त्यांत बर्ड होता.

मला काय कळलं

मी कामात रोज एकच गोष्ट करतो. कुणाला कशाची वाट बघायला लागू नये म्हणून कोड लिहितो. लोडिंगचं चाक दोन सेकंद जास्त फिरलं तरी तक्रार येते. हॉस्टेलवर मी पाच वर्षांची वाट दोन रात्रींत डाउनलोड केली होती, आणि वर विचारत होतो, यात एवढं काय?

बॉस्टनच्या लोकांनी १९८१ला कप जिंकला होता, तरी भूक भागली नव्हती. कारण समोर "तो" नव्हता. आपण ज्याला दुश्मन म्हणतो त्याच्यावाचून आपलं जिंकणंही अर्धवट राहतं, हे त्या घोषणेत मला ऐकू येतं. खुन्नस तर आहेच. पण एखाद्याची इतकी वर्षं वाट पाहायची म्हणजे त्याला आपल्या तोडीचा मानायचं, हेही तिच्यात आहे.

लेकर्स-सेल्टिक्स फायनल शेवटची झाली २०१०मध्ये. सातवा सामना, लेकर्स ८३-७९. त्यानंतर २०२५पर्यंतच्या पंधरा फायनलमध्ये दोघं एकदाही भेटले नाहीत. तो नागपूरचा सीनियर आता बंगळुरूला असतो. दरवर्षी प्लेऑफ सुरू झाले की पहाटे त्याचा मेसेज येतो, तेच तीन शब्द. हो, मी लेकर्सवाला झालोय, मॅजिकमुळे. मी उत्तर पाठवतो, "आधी भेट तर होऊ दे, भाऊ."

तुम्ही कुठल्या सामन्याची अशी वर्षानुवर्षं वाट पाहिलीय? क्रिकेट, कबड्डी, गल्लीतला, काहीही चालेल. व्हॉइस नोट पाठवा, निवडक पुढच्या भागात ऐकवतो. तोवर, काळजी घ्या. भेटू!