लॉर्ड सॉल्सबरी आणि बडोदे

बडोद्याच्या इतिहासात १८७५ हे साल मल्हारराव गायकवाडांच्या पदच्युतीमुळे कायमचे कोरले गेले आहे. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांचे नाव त्या संदर्भात सर्वज्ञात आहे. परंतु त्या वेळी लंडनमध्ये भारतमंत्रिपदावर असलेल्या लॉर्ड सॉल्सबरींचे स्मरण फारसे केले जात नाही.

रॉबर्ट सेसिल यांचा जन्म ३ फेब्रुवारी १८३० रोजी हॅटफील्ड येथील वडिलोपार्जित प्रासादात झाला. पूर्वज एलिझाबेथ राणीचे मंत्री. घराणे असे तालेवार. बालपण मात्र सुखाचे नव्हते. ईटनच्या शाळेत सोबत्यांनी इतका छळ मांडला, की वडिलांना मुलाला घरी आणावे लागले. पुढे वडिलांच्या इच्छेविरुद्ध विवाह केल्यावर या सरदारपुत्राला नियतकालिकांत लेख लिहून प्रपंचाला हातभार लावावा लागला. ती लेखणी विलक्षण धारदार होती, आणि लोकशाहीविषयीचा अविश्वास तिच्यातून सतत झिरपत असे.

१८६६ साली ते प्रथम भारतमंत्री झाले. ओरिसातील भीषण दुष्काळात सुमारे दहा लक्ष माणसे दगावली. येथील अधिकाऱ्यांच्या ग्वाहीवर विसंबून आपण आरंभीचे दोन महिने स्वस्थ बसलो, ही खंत त्यांना जन्मभर होती. सत्ताधाऱ्यांत अशी खंत दुर्मिळच! तथापि मताधिकाराच्या विस्ताराला विरोध म्हणून त्यांनी १८६७ मध्ये राजीनामा दिला.

१८७४ मध्ये तेच पद पुन्हा त्यांच्याकडे आले. त्या वर्षी बडोद्याचे दिवाण होते दादाभाई नवरोजी. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावरील विषप्रयोगाच्या आरोपाची चौकशी सहा जणांच्या आयोगाने केली. जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह व सर दिनकरराव राजवाडे यांना आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही. तिघा इंग्रजांना वाटले. मते समसमान पडताच विषप्रयोगाचा मुद्दा बाजूला ठेवून गैरकारभाराच्या सबबीवर मल्हाररावांना गादीवरून दूर करण्यात आले. निकाल आधी आणि कारण मागाहून, असा हा न्याय होता. मल्हाररावांची रवानगी मद्रासला झाली. २७ मे १८७५ रोजी बारा वर्षांचे सयाजीराव गादीवर बसले.

पुढच्याच वर्षी सनदी सेवेच्या परीक्षेची वयोमर्यादा एकवीसवरून एकोणीसवर आणण्याचा निर्णय सॉल्सबरींनी घेतला. परीक्षा लंडनमध्ये, मग हिंदी विद्यार्थ्यांनी शालेय वयातच समुद्र ओलांडायचा काय? सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी याविरुद्ध देशभर दौरा केला.

यथावकाश सॉल्सबरी हुजूर पक्षाचे नेते व तीनदा पंतप्रधान झाले. परराष्ट्र खाते बहुतेक काळ त्यांनी स्वतःकडेच ठेवले. १८८८ मध्ये एडिंबरा येथील भाषणात त्यांनी दादाभाईंचा उल्लेख ‘काळा माणूस’ असा करून, इंग्रज मतदार अशा माणसाला निवडून देण्याच्या मनःस्थितीत अद्याप नाहीत, असे सुचविले. या उद्गारांमुळे खुद्द इंग्लंडात दादाभाईंचे नाव घरोघरी पोहोचले. १८९२ च्या निवडणुकीत मध्य फिन्सबरीच्या मतदारांनी बडोद्याच्या या माजी दिवाणांना अगदी थोड्या मताधिक्याने पार्लमेंटमध्ये धाडले. त्याच निवडणुकीत सॉल्सबरींचे बहुमत गेले आणि ऑगस्टमध्ये त्यांना पंतप्रधानपद सोडावे लागले.